पडद्यावरचा हबशी आणि नगरचा मलिक अंबर

अहिल्यानगर, प्रतिनिधी : हिंदी चित्रपटात कृष्णवर्णीय माणूस दिसला, की तो बहुधा खलनायकाचा अंगरक्षक, अमली पदार्थांचा विक्रेता किंवा हशा पिकवणारे पात्र असतो. ‘फॅशन’ (२००८) या चित्रपटात तर नायिकेचे अधःपतन ठसवण्यासाठी ती एका कृष्णवर्णीय परक्याशेजारी जागी होताना दाखवली आहे. डॉक्टर, शिक्षक किंवा शेजारी म्हणून तो क्वचितच भेटतो.

ज्या समाजाशी आपला प्रत्यक्ष परिचय नाही, त्याच्याविषयीचे मत पडद्यावरूनच घडते. तेच ते चित्र वर्षानुवर्षे पाहणाऱ्याला जग तसेच असल्याचे वाटू लागते, अशी मांडणी अमेरिकी अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी दूरचित्रवाणीबाबत केली होती. असे पूर्वग्रह केवळ मनात राहत नाहीत. ऑक्टोबर २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर काही प्रेक्षकांनी ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्स याला माकडासारखे हावभाव करून डिवचले. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका मुलाच्या मृत्यूनंतर केवळ संशयावरून नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले.

या प्रतिमेला छेद देणारा इतिहास मात्र नगरच्याच मातीत आहे. इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला. जमिनीची प्रतवारी लावून सारा ठरवण्याची पद्धत त्याने राबवली, खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवून तेथे नहरीने पाणी आणले. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडी येथे त्याने मोगल व विजापूरच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, तर त्यांचे बंधू शरीफजी यांना वीरमरण आले.

अंबरची प्रतिमाही त्या काळच्या माध्यमांनी रंगवलीच. जहांगीरने आत्मवृत्तात त्याला रंगावरून हिणवले. सुमारे १६१६ मध्ये दरबारी चित्रकार अबुल हसन याने, भाल्यावर लावलेल्या अंबरच्या शिरावर बादशहा बाण सोडत असल्याचे चित्र काढले. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ मध्ये तो वारल्यानंतर मोगल इतिहासकार मुतमदखानाने मात्र युद्धकलेत आणि कारभारात त्याला तोड नव्हती, अशी कबुली दिली.

चित्र कोण काढतो, यावर चित्रातला माणूस ठरतो. ‘रझिया सुलतान’ (१९८३) या चित्रपटात हबशी याकूतची भूमिका धर्मेंद्र यांनी चेहऱ्याला काळा रंग लावून केली. म्हणजे हबशी वीर हवा होता, हबशी अभिनेता नव्हे. उलट ‘सुडानी फ्रॉम नायजेरिया’ (२०१८) या मल्याळम चित्रपटात नायजेरियन अभिनेता सॅम्युएल रॉबिन्सन याला घरादाराची ओढ असलेला, आजारपणात शेजाऱ्यांची माया मिळवणारा फुटबॉलपटू साकारता आला आणि प्रेक्षकांनी तो आपलासा केला. प्रेक्षकांना हेच आवडते, हा निर्मात्यांचा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

पडद्यावर पुढचा ‘काळा गुंड’ अवतरेल, तेव्हा भातवडीचा विजेता कोण होता, एवढे नगरकरांनी तरी आठवायला हवे.