मानेवरचा न दिसणारा उजेड

लेकरांनो, आपल्या जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिल आहेत ना, तिथं सळी करायला लोखंडाचा बिलेट, म्हणजे लांबट ठोकळा, भट्टीतून निघतो तेव्हा पिवळा रसरशीत असतो. निवता निवता लाल होतो, मग काळा पडतो. पण काळा पडला म्हणून कुणी त्याला हात लावत नाही. धग अजून येतेच, कारण उजेड संपलेला नसतो. आपल्या डोळ्यांना तेवढा तो दिसेनासा होतो.

हा अदृश्य उजेड पहिल्यांदा सापडला १८०० साली. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेलनं लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडं, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथं थर्मामीटर ठेवला. पारा चढला! त्यालाच आपण अवरक्त किरण म्हणतो.

आता गंमत ऐका. तुम्हीसुद्धा त्या बिलेटसारखेच उजळत असता, रात्रंदिवस! अंग सदतीस अंशांच्या आसपास, म्हणून हा उजेड फार मंद. त्याची लहर साधारण साडेनऊ मायक्रॉनची. कातडी गोरी असो की सावळी, या उजेडात सगळी जवळपास सारखीच. मला तर हे निसर्गाचं फार मोठं शहाणपण वाटतं.

ही अंगाची ऊब राखतं कोण? आजी ऐन वैशाखात थंडी वाजते म्हणून पंखा बंद करायला लावते, ते तिच्या गळ्यातल्या थायरॉईडमुळं. श्वासनलिकेला बिलगलेली ही ग्रंथी जेमतेम वीसेक ग्रॅमची, पण सगळ्या शरीराची ऊब तिच्या हाती. कधी कधी शरीराची प्रतिकारशक्तीच तिला परकी समजते. मग प्रतिकारशक्तीच्या पेशी ग्रंथीत शिरून तिला पोखरतात आणि ऊब कमी पडते. जपानच्या हाशिमोटो डॉक्टरांनी १९१२ साली अशा चार बायकांच्या ग्रंथींचं वर्णन केलं, म्हणून त्या आजाराला त्यांचं नाव. ग्रेव्हज नावाच्या आजारात उलटं होतं. प्रतिकारशक्तीनं बनवलेली प्रतिपिंडं ग्रंथीला सारखी चेतवत राहतात, तिच्यातला रक्तप्रवाह वाढतो, माणसाला उकडतं, छाती धडधडते.

रक्त जास्त धावलं की वरची कातडी किंचित तापते. हा फरक टिपायला संशोधक थर्मल कॅमेरा वापरून पाहतात. त्याआधी माणसाला थंड, वारा नसलेल्या खोलीत मान उघडी ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसवतात. मानेला हात लावायचा नाही, चोळायचं नाही. पडद्यावर मधली श्वासनलिका गार दिसते, दोन्ही बाजू उबदार. ना सुई, ना क्ष-किरण.

पण अडचण तिथंच आहे. ग्रंथीला लागूनच मेंदूकडं जाणाऱ्या मोठ्या धमन्या आहेत आणि त्याही ऊब देतात. वर चरबीचा थर जाड असला तर आतली ऊब दबते. म्हणून कॅमेरा ऊब दाखवतो, आजाराचं नाव सांगत नाही. ते सांगायला टीएसएच या संप्रेरकाची आणि प्रतिपिंडांची रक्ततपासणी, गरज पडली तर सोनोग्राफी, हेच खरं.

तेव्हा घरात कुणाला सतत थकवा असेल, थंडी वाजत असेल, गळा सुजला असेल, तर त्यांना रक्त तपासायला न्या. आणि आजीनं थायरॉईडची सकाळची उपाशीपोटीची गोळी घेतली का, ते रोज विचारा. डॉक्टरांना न विचारता ती बंद करायची नसते.