वर्षानुवर्षे उभी असलेली दमदार गाडी घ्यावी का? नांदेड-लातूरकरांनी आधी काय तपासायचं?

नांदेड किंवा लातूरच्या जुन्या वसाहतींतून फिरलं, की कुठल्यातरी बंगल्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली धुळीनं माखलेली आणि चारही टायर बसलेली एखादी गाडी दिसतेच. बहुतेक वेळा ती साधी असते. पण कधी कधी ती स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस निघते, कधी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, तर कधी फियाटची अबार्थ पुंटो. म्हणजे आपापल्या काळात हायवेवर भल्याभल्यांना मागं टाकणाऱ्या गाड्या. मालक म्हणतो, "पडूनच आहे, समजून द्या काहीतरी." आणि गाडीवेड्या माणसाच्या डोक्यात हिशोब सुरू होतो.

या हिशोबाचा पहिला प्रश्न सहसा "इंजिन चालू होईल का?" हा असतो. खरं तर तो तिसरा किंवा चौथा असायला हवा. इंजिन पैसे खाऊन का होईना, दुरुस्त होतं. कागद अडकले तर कितीही पैसे ओतले तरी गाडी शेडमध्येच राहते.

आधी आरसी, मग बॉनेट

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी ती पुन्हा करून घ्यावी लागते, ज्याला आपल्याकडे री-पासिंग म्हणतात. एप्रिल २०२२ पासून कारसाठी याचं शुल्क ५,००० रुपये झालं आणि उशीर झाल्यास दर महिन्याला ५०० रुपये जास्तीचे लागू झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या कारसाठी हे शुल्क १०,००० करण्यात आलं. समजा, गाडीची १५ वर्षांची मुदत संपून तीन वर्षं उलटली आहेत. मग ३६ महिन्यांचे १८,००० आणि शुल्काचे ५,००० असे २३,००० रुपये गाडीला हातही न लावता जातात. पर्यावरण कर, पीयूसी आणि थर्ड पार्टी विमा यांचा खर्च वेगळा.

पण रकमेपेक्षा मोठी अडचण क्रमाची आहे. री-पासिंगसाठी गाडी आरटीओच्या तपासणीत पास व्हावी लागते, म्हणजे दिवे, ब्रेक, टायर, सगळं ठीक हवं. म्हणून आधी दुरुस्ती, मग री-पासिंग आणि त्यानंतर नाव बदलणं. दुरुस्ती चालू असते तेव्हा गाडी कागदोपत्री मूळ मालकाचीच असते. घेणारा माणूस दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत स्वतःचे लाख-दोन लाख घालत असतो. गाडी चकाचक झाल्यावर मालकाचा किंवा त्याच्या मुलाचा विचार बदलला, तर हातात काय उरतं? म्हणून थोडी रक्कम आगाऊ देऊन, लेखी करार करून, री-पासिंग मालकाच्या नावानं पूर्ण झाल्यावर उरलेले पैसे देणं हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. मालकाचंही यात हित आहे. गाडी विकली पण नाव बदललं नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मूळ मालक हयात नसेल, तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. बाकीच्या वारसांची संमती नसेल, तर थोरल्या मुलानं दिलेल्या शब्दाला आरटीओत काही किंमत नाही. भाऊबंदकीत अडकलेली जमीन कोणी घेत नाही. गाडीलाही तोच न्याय लावावा.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट हमखास निघते. जुन्या आरसीवर स्टेट बँक ऑफ हैदराबादची एचपी चढलेली असते. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण एचपी उतरवायचं राहून गेलेलं असतं. ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, त्यामुळे एनओसी आता तिथूनच आणावी लागते. पंधरा वर्षांपूर्वीचं कर्ज खातं शोधायला किती खेटे पडतील, हे शाखेवर आणि नशिबावर अवलंबून. हे काम विकणाऱ्यानं करून द्यावं, असं आधीच ठरलेलं बरं. गाडीवर किती ई-चलान थकलेत, नोंदणी कधी संपली, एचपी आहे का, हे सगळं परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहता येतं. शेडकडे जाण्याआधी ही दहा मिनिटं खर्च करावीत.

मराठवाड्याचं ऊन पत्र्याला बरं, रबराला वाईट

कागद जुळले, तर गाडी पाहायला जायचं. इथं आपल्या भागाचा एक फायदा आहे. कोकणात दोन पावसाळे उघड्यावर काढलेली गाडी खालून सडते. लातूरच्या कोरड्या हवेत पत्रा बराच टिकतो. रंग उडालेला, छप्पर फिकं पडलेलं, पण चॅसिस ठणठणीत, अशी गाडी इथं मिळू शकते आणि प्रोजेक्टसाठी तीच चांगली. रंग नव्यानं मारता येतो, कुजलेली चॅसिस मात्र सोडून द्यावी. अपवाद काळ्या मातीवर उभ्या असलेल्या गाडीचा. पावसाळाभर खालून ओल लागते, म्हणून फूटमॅट उचलून फ्लोअर आणि दाराखालची कड बोटानं दाबून पाहावी. २०२५ च्या पावसाळ्यात नांदेड-लातूरमध्ये पुराचं पाणी अनेक ठिकाणी शिरलं होतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला आणि त्यावर गाळाची रेष दिसली, तर ही गाडी सोडून द्यावी, कारण आतली वायरिंग आणि कंट्रोल युनिट कधी दगा देतील याचा नेम नाही.

उन्हानं जातं ते रबर. बुश, होज, दारांची रबरं, इंजिन माउंटिंग हे सगळं बदलायचंच आहे असं धरून चालावं. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी फसू नये. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. 'ज्वारीची पोती शेजारी ठेवली होती' असं कळलं, तर उंदरांनी वायरिंगचं काय केलंय ते आधी बघावं.

"एकदा सेल्फ मारून बघू" हे नकोच

सगळ्यात महाग पडणारा उत्साह हा. बॅटरी लावली, चावी फिरवली, इंजिन घुर्रकन चालू झालं आणि दोन मिनिटांत बंद पडलं, असं घडू शकतं. कारण टायमिंग बेल्ट किलोमीटरनं जसा संपतो, तसा वर्षांनीही संपतो. ऑक्टाव्हिया व्हीआरएसचं १.८ लिटर टर्बो इंजिन बेल्टवरच चालतं. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. योग्य पद्धत अशी: स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, मग पान्यानं क्रँक हातानं फिरवून बघायचा. सहज फिरला तर चांगली खूण. त्यानंतर कॉम्प्रेशन तपासायचं. टर्बोचा शाफ्ट बोटानं हलवला की खडखडतो का, तेही पाहायचं. मालक एवढं करू देत नसेल, तर इंजिन जाम आहे असं धरूनच भाव सांगावा.

पेट्रोलची टाकी हा वेगळा विषय. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. (त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसाचं.) इथेनॉल हवेतली ओल शोषतं, टाकीत तळाला पाणी साचतं, गंज धरतो आणि पंप व इंजेक्टर चोंदतात. या इंधनाला धरून बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. त्याआधीच्या गाडीत टाकी साफ करण्याबरोबर इंधनाचे पाइप आणि सील नवे घालणं शहाणपणाचं.

कोणती गाडी, हा प्रश्न सुट्या भागांचा

ऑक्टाव्हिया छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा इथं जोडली जात होती. व्हीआरएस २००४ मध्ये भारतात आली, तिची ताकद १५० पीएस. वय झालं असलं तरी हिची एक बाजू भक्कम आहे. दारं, काचा, सस्पेन्शनचे बरेच भाग साध्या ऑक्टाव्हियाचेच, आणि तसल्या गाड्या भंगारात निघतात. इंजिनही फोक्सवॅगन-ऑडीच्या इतर गाड्यांत असलेलंच. अवघड आहेत ते खास व्हीआरएसचे बंपर, सीट आणि चाकं. ते जागेवर असतील तर गाडीची किंमत खरंच जास्त.

अबार्थ पुंटो २०१५ ची, १४५ पीएसची. वयानं तरुण, पण फियाटनं भारतातली कार विक्री थांबवल्यामुळे भाग शोधत फिरावं लागतं. पोलो जीटी टीएसआयचे भाग मिळतात, पण तिच्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्समधलं मेकाट्रॉनिक युनिट गेलं, तर तो एकच खर्च गाडीच्या भावाच्या आसपास जाऊ शकतो. अशी गाडी स्वतः चालवून, गिअर पडताना बघितल्याशिवाय घेऊ नये.

आधीच्या मालकानं काय बदललंय तेही पाहावं. कंपनीनं दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी न जुळणारे बदल कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे लावलं. इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल, तर तिथूनच परत फिरावं.

उरतो अंतराचा खर्च. नांदेड-लातूरमध्ये हाताला गुण असलेले मेकॅनिक भरपूर आहेत, पण टर्बो पेट्रोल आणि डीएसजी नेहमी हाताळणारे सहसा हैदराबाद किंवा पुण्यात सापडतात. नोंदणी संपलेली गाडी तिथपर्यंत चालवत नेता येत नाही, टोइंगवर न्यावी लागते. हैदराबादला जाऊन-येऊन पाचशे-सहाशे किलोमीटर, पुणे त्याहून लांब, आणि एका फेरीत काम क्वचितच संपतं. भाव ठरवताना दोन फेऱ्यांचं टोइंगभाडं आधीच वजा करून मालकापुढे आकडा ठेवावा.