एक युनिट म्हणजे किती ऊब?

वीजबिलातलं एक ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॅट-तास. हजार वॅटची शेगडी तासभर चालली की झालं एक युनिट. उष्णतेत मोजलं तर 36 लाख ज्यूल, साधारण 860 किलोकॅलरी किंवा 3,412 बीटीयू.

आंघोळीची बादली घ्या. एक किलोकॅलरी एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवते. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 45वर न्यायला 300 किलोकॅलरी, म्हणजे 0.35 युनिट. गिझरच्या टाकीतून निसटणारी ऊब वेगळी.

एसीचा ‘टन’ मात्र फसवा. अमेरिकी टनभर (सुमारे 907 किलो) बर्फ 24 तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो, तो हा टन: ताशी 12,000 बीटीयू, जवळपास साडेतीन किलोवॅट. पण एसी एवढी वीज खात नाही. तो उष्णता तयार करत नाही, नुसती घराबाहेर वाहून नेतो. बीटीयूचे थेट युनिट करून बिल काढाल, तर आकडा तिपटीच्या आसपास फुगेल.

आहाराच्या गप्पांतली ‘कॅलरी’ही खरं तर किलोकॅलरीच. दिवसाला 2,000 खाणारा माणूस चालतो सुमारे 2.3 युनिटांवर.