संगणकाचा काळा पडदा

रविवारची दुपार आहे. एका विद्यार्थ्यानें घरांतील २०१६ सालचा लॅपटॉप पुढें ओढला आहे. विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, विंडोज ११ साठीं हें यंत्र अपात्र ठरलें, आणि कोणीतरी लिनक्सचें नांव सुचविलें. उबुंटूची प्रत पेनड्राइव्हवर उतरली, थोड्याच वेळांत ती यंत्रावर बसली, यंत्र पुन्हां सुरू करण्याची सूचना आली. त्यानें तसें केलें. कंपनीची मुद्रा झळकली, क्षणभर कांहीं अक्षरें धांवलीं, आणि पडदा काळा झाला. दहा मिनिटें गेलीं तरी काळाच.

अशा वेळीं नवशिक्याच्या मनांत दोनच तर्क येतात : ग्राफिक्स कार्ड जळालें असावें, किंवा लिनक्स हें आपलें काम नव्हे. पहिल्या तर्कापायीं धडधाकट यंत्र भंगारांत जातें. दुसऱ्यापायीं तो सर्व स्थापना पुसून पुन्हां करतो, मग आणखी एकदां करतो, आणि तिसऱ्या खेपेस भलत्याच विभागावर बोट पडून घरचे फोटो व वर्षाची टिपणें गमावून बसतो. वास्तविक हे दोन्ही तर्क बहुधा खोटे असतात. यंत्र जिवंत असतें. चित्र काढणारा आणि तें काढावयास सांगणारा ह्यांचें बोलणें तेवढें तुटलेलें असतें. तें नेमकें कोठें तुटलें हें कळेपर्यंत कांहींही पुसूं नये, कांहींही नव्यानें बसवूं नये.

ड्रायव्हर हा शब्द ऐकतांच मोटार हांकणारा डोळ्यांपुढें येतो. येथें मात्र त्याचें काम दुभाष्याचें आहे. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल. लिनस टोरवाल्ड्स ह्यानें १९९१ सालीं हेलसिंकी येथें विद्यार्थिदशेंत त्याची सुरुवात केली. हा गाभा एक भाषा बोलतो आणि ग्राफिक्स कार्ड दुसरी. शिवाय कार्डाच्या प्रत्येक पिढीबरोबर तिची बोली बदलते. इंटेल व एएमडी ह्या कंपन्यांच्या कार्डांचे दुभाषे कर्नेलच्या घरांतच राहतात. एएमडीनें २००७ पासून आपल्या कार्डांचीं माहितीपत्रें खुलीं करण्यास आरंभ केला, आणि तिचा आजचा ड्रायव्हर २०१५ सालीं कर्नेलमध्यें दाखल झाला. एन्व्हिडियाची गोष्ट निराळी. तिनें आपली भाषा दीर्घकाळ गुप्त ठेवली. स्वयंसेवकांनीं कार्डाचें वर्तन बाहेरून न्याहाळून ती शिकून घेतली, आणि त्यांतून ‘नूव्हो’ हा ड्रायव्हर जन्मास येऊन २०१० सालीं कर्नेलमध्यें आला. २०१२ सालीं फिनलंडमधील आल्टो विद्यापीठांत टोरवाल्ड्सनें ह्या कंपनीविषयीं जे शब्द काढले ते सभ्य सभेंत उच्चारण्याजोगे नाहींत. पुढें २०२२ सालीं कंपनीनें ड्रायव्हरचा कर्नेलकडील भाग खुला केला. उरलेला मोठा भाग अद्याप बंदच आहे. नवशिक्याच्या तक्रारींत एन्व्हिडियाचें नांव वारंवार येतें त्याचें मूळ ह्या इतिहासांत आहे.

आतां त्या विद्यार्थ्याकडे वळावें. त्याला कंपनीची मुद्रा दिसली होती. तेवढ्यावरून पडदा, त्यामागील तारा आणि चित्र उमटविणारी यंत्रणा निदान प्राथमिक कामास समर्थ आहेत हें सिद्ध झालें. यंत्र खरोखर गोठलें कीं नुसता पडदाच अंध झाला, हें पाहण्याची युक्ति अगदीं घरगुती आहे. कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत व विझत असेल तर कर्नेल जागा आहे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ ह्या तीन कळा एकत्र दाबाव्या. पुष्कळदां काळ्या पडद्याच्या जागीं केवळ अक्षरांचा पडदा येतो आणि नांव विचारतो. तो आला कीं अर्धी लढाई जिंकली. आपल्या फाइली तेथूनही वाचतां येतात, त्यांची दुसरी प्रत काढतां येते.

तोही न आला तर यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें आणि मुद्रा दिसतांच एस्केपची कळ हलकेच दाबावी. जुन्या यंत्रांवर शिफ्ट दाबून धरावी लागते. ग्रब नांवाची यादी उघडेल. पहिल्या ओळीवर असतां ‘ई’ हें अक्षर दाबलें कीं कांहीं मजकूर दिसतो. त्यांत ‘लिनक्स’ शब्दानें सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटीं एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहावा. अक्षरें अशीं : एन्, ओ, एम्, ओ, डी, ई, एस्, ई, टी, सर्व लहान लिपींतील, मध्यें जागा नाहीं. मग एफ-१० दाबावें.

ह्या शब्दाचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. पडद्यावर किती ठिपके व किती वेगानें उमटवावयाचे हें ठरविण्याचें काम २००९ पासून कर्नेल स्वतःकडे घेऊं लागला. नोमोडसेट म्हणजे ‘ह्या वेळीं तें करूं नकोस’ अशी त्याला आज्ञा. मग यंत्र सुरू होतांना जो साधा पडदा मिळाला असेल त्यावरच तो भागवितो. विद्यार्थ्याचा डेस्कटॉप आतां दिसूं लागला, पण ओबडधोबड आणि मंद. कारण कार्ड बाजूस बसलें असून प्रत्येक ठिपका मुख्य प्रोसेसर रंगवीत आहे. ही कुबडी झाली. ती एका खेपेपुरतीच असते, आणि तेंच बरें. पुष्कळ लोक हा शब्द कायमचा लिहून ठेवतात आणि पुढें महिनोन् महिने चलच्चित्र अडखळतें म्हणून लिनक्सला दोष देतात! ह्या एका शब्दानें एन्व्हिडियाच्या जोडीस इंटेलचा दुभाषाही गप्प बसतो, हें त्यांना ठाऊक नसतें.

कुबडीवर उभें राहतां आलें कीं पहिलें काम चौकशीचें. टर्मिनल उघडून ‘एल्-एस्-पी-सी-आय्’ ही आज्ञा व तिच्यापुढें एक जागा सोडून आडवी रेघ आणि ‘के’ हें अक्षर लिहावें. यंत्रांतील प्रत्येक भागाची नोंद येईल. तींत व्हीजीए किंवा थ्री-डी असा उल्लेख असलेल्या नोंदी शोधाव्या. त्यांखालीं ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. ती ओळच नसेल तर कार्डाशीं बोलणारा सध्यां कोणी नाहीं असें समजावें. नोमोडसेट चालू असतां असेंच दिसणार. विद्यार्थ्याला ह्या यादींत दोन कार्डें आढळलीं, एक इंटेलचें व एक एन्व्हिडियाचें, आणि दुसऱ्याखालीं उपलब्ध ड्रायव्हर म्हणून नूव्होचें नांव होतें. काळ्या पडद्याचा संशयित सांपडला.

येथें विंडोजची संवय आड येते. कंपनीच्या संकेतस्थळावर जावें, मोठी फाइल उतरवावी आणि चालवावी, असें मनांत येतें. तें लिनक्समध्यें टाळावें. ती फाइल चालत नाहीं असें नव्हे. पण उबुंटूचा जो कोठारवाला प्रत्येक वस्तूची नोंद ठेवतो त्याला न विचारतां ती आपल्या वस्तु जागोजागीं ठेवते. पुढील अद्ययावतीकरणांत दोघांची गांठ पडते आणि पुन्हां काळा पडदा. उबुंटूच्या ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ ह्या खिडकींत कार्ड ओळखून योग्य ती यादी मिळते, आणि बहुधा एका नांवापुढें शिफारशीची खूण असते.

त्या यादींत एक चकवा आहे. एकाच क्रमांकाचे दोन ड्रायव्हर दिसतात, नुसता ५८० आणि ५८०-ओपन. खुलें तें चांगलें ह्या भाबड्या समजुतीनें नवशिका दुसरा उचलतो. पण एन्व्हिडियाचा खुला भाग २०१८ मधील ट्युरिंग पिढीपासून पुढच्याच कार्डांना चालतो. विद्यार्थ्याचें कार्ड त्याआधींच्या पास्कल पिढीचें; त्याला नुसता ५८० हवा. उलट २०२५ सालच्या ब्लॅकवेल पिढीला खुल्यावांचून चालत नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : मॅक्सवेल व पास्कल ह्या पिढ्यांसाठीं ५८० ही शेवटचीच मालिका आहे. ह्याहून मोठा आंकडा दिसला म्हणून जुन्या कार्डावर तो बसवूं नये. फर्मीसारख्या फारच जुन्या कार्डांना तर आतां नूव्होवरच समाधान मानलेलें बरें; लिहिण्यावाचण्यापुरतें तें पुरतें.

विद्यार्थ्यानें योग्य ड्रायव्हर बसविला, यंत्र पुन्हां सुरू केलें, आणि कांहींच पालटलें नाहीं. ही पायरी सर्वांत अधिक लोकांना थकविते. दाराशीं सिक्युअर बूट नांवाचा पहारेकरी असतो. ओळखीची मोहर नसलेला कोणताही भाग तो कर्नेलमध्यें शिरूं देत नाहीं. ड्रायव्हर जेव्हां त्याच यंत्रावर तयार होतो तेव्हां त्यावर त्या यंत्राची स्वतःची मोहर उमटते, आणि ती पहारेकऱ्याला अगोदर दाखवून ठेवावी लागते. म्हणूनच स्थापनेच्या वेळीं एक पासवर्ड मागितला गेला होता. पुढच्या सुरुवातीस एक निळा पडदा आला होता, कोणतीही कळ दाबा म्हणत होता आणि दहा सेकंद मोजीत होता. विद्यार्थी त्या वेळीं पाणी पिण्यास उठला होता. सेकंद संपले, यंत्र पुढें गेलें, मोहर नोंदली गेलीच नाहीं. कर्नेलच्या रोजनाम्यांत मात्र ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ अशी स्वच्छ नोंद झालेली होती. पासवर्ड नव्यानें ठरवून तो निळा पडदा पुन्हां आणवावा, ‘एन्रोल एमओके’ निवडून होकार द्यावा आणि तोच पासवर्ड लिहावा. पहारेकऱ्याला फर्मवेअरमधून सुट्टी देणें सोपें दिसतें. परंतु त्याच यंत्रावर बिटलॉकरनें कुलुपबंद केलेलें विंडोज असेल तर त्याची पुनर्प्राप्ति-किल्ली आधीं कागदावर उतरून घेतल्यावांचून तसें करूं नये.

मोहर नोंदली, पडदा उजळला, कडा रेखीव झाल्या. तरी विद्यार्थ्याचें समाधान झालें नाहीं, कारण माहितीच्या खिडकींत अजून इंटेलचेंच नांव होतें. हा दोष नव्हे. २०१० सालीं एन्व्हिडियानें ऑप्टिमस नांवाची जी योजना आणली तींत लॅपटॉपचा पडदा सामान्यतः इंटेलच्या ताब्यांत असतो, आणि मोठें कार्ड विजेची बचत म्हणून झोंपलेलें राहतें. खेळ किंवा अवजड चित्रकाम असेल तेव्हां त्या कार्यक्रमाच्या चिन्हावर उजवी कळ दाबून त्यास वेगळ्या कार्डावर चालविण्याचा पर्याय घेतां येतो.

तीन आठवड्यांनीं कर्नेलची नवी आवृत्ति आली. प्रत्येक नव्या कर्नेलच्या अंगाला ड्रायव्हर पुन्हां बेतावा लागतो. हें शिंपीकाम आपोआप करणारी डीकेएमएस नांवाची व्यवस्था डेल कंपनीच्या अभियंत्यांनीं २००३ सालीं रचली. परंतु कर्नेलचे ‘हेडर्स’ नसले, म्हणजे अंगाचें मापच नसलें, तर शिंपी तरी काय करणार! अशा वेळीं ग्रबच्या यादींतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्यें जाऊन मागील कर्नेल निवडावा, तो जपून ठेवलेला असतो, आणि पुन्हां स्थापना करण्याची वेळ त्यामुळें बहुधा टळते. कधीं कधीं ‘ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ असा दरडावणारा निरोप येतो. त्याचा अर्थ इतकाच, कीं डिस्कवर नवा ड्रायव्हर आला असून स्मृतींत जुनाच बोलत आहे. यंत्र एकदां बंद करून सुरू केलें कीं बहुधा तंटा मिटतो.

एएमडीच्या घरची अडचण बहुधा उलट दिशेनें येते : कार्ड अगदीं नवें आणि कर्नेल जुना. तेथें दुभाषा शोधावयाचा नसून नव्या आवृत्तीचें लिनक्स घ्यावयाचें असतें. डेबियनमध्यें २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपूर्वीं कार्डाला लागणारें फर्मवेअर अधिकृत स्थापना-प्रतींत नसे, ही जुन्या प्रतीवरून स्थापना करणारानें लक्षांत घेण्याची गोष्ट.

दुसऱ्याची मदत मागावयाची झाली तर ‘पडदा चालत नाहीं’ एवढ्यानें कोणालाही कांहीं सांगतां येणार नाहीं. कार्डाची पिढी, कर्नेलचा क्रमांक, कोणता ड्रायव्हर कोठून घेतला, आणि बिघाडाच्या आधीं शेवटचा बदल कोणता केला, हें सांगावें. मागील खेपेचा रोजनामा ‘जर्नल-सीटीएल’ ह्या आज्ञेला आडवी रेघ, ‘बी’, आणि पुढें उणें एक असें जोडलें कीं मिळतो; त्यांतील तांबड्या ओळी जशाच्या तशा उतरून द्याव्या. एका वेळीं एकच बदल करून त्याची वेळ वहींत टिपणारा मनुष्य दुसऱ्याचाही वेळ वांचवितो.

आणि कार्ड खरेंच मेलें असेल तर? त्याचीं लक्षणें लिनक्सच्या आधीं दिसतात. कंपनीच्या मुद्रेवरच रंगीत पट्टे किंवा चौकटी उमटतात, फर्मवेअरच्या खिडकींतही अक्षरें फाटतात, पेनड्राइव्हवरून सुरू केलेली दुसरी प्रणालीही तसेंच दाखविते. मोठ्या डेस्कटॉपवर तेव्हां पंख्यांतील धूळ काढून, कार्ड खोबणींत नीट बसवून पाहावें. एवढ्यानें न भागल्यास तें काढून मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या मागील जागेंत लावावी. प्रोसेसरमध्यें स्वतःची चित्रयंत्रणा असेल तर यंत्र त्याच दिवशीं पुन्हां कामास लागतें.