काचेच्या कापडातलं पेट्रोल

कापडात पेट्रोल भरता येतं. नुसतं भरता येतं असं नाही. त्या कापडाला पंखाचा आकार देऊन, दोनशे लिटर पेट्रोलसकट ते आकाशात नेता येतं. मालेगावात हे सांगितलं तर यंत्रमागावरचा कुणीही कारागीर आधी हसेल आणि मग कापडाचा तुकडा उजेडासमोर धरून दाखवेल. उभे धागे, आडवे धागे आणि मध्ये भोकं. यात पाणी ठरत नाही, पेट्रोल कसं ठरणार?

ठरतं. जगभरात घराच्या गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये बांधलेल्या विमानांत ते ठरलेलं आहे. आणि त्या कापडाचं मालेगावच्या कापडाशी असलेलं नातं वाटतं त्याहून जवळचं आहे.

घरी विमान बांधणं आपल्याकडेही आता ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या नावाने त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. म्हणजे मालेगावहून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटरवर. (मालेगावकरांना उडण्याचं फारसं अप्रूप नसावं, त्यांनी स्वतः बनवलेल्या सिनेमात आपला सुपरमॅन त्याच्या कितीतरी आधी पडद्यावर उडवून दाखवला आहे.)

घरगुती विमानाचं इंजिन विकत मिळतं. प्रोपेलर, चाकं, उंची-वेग दाखवणारी उपकरणंही मिळतात. फायबरचं विमान असेल तर इंधनाची टाकी मात्र बहुतेक वेळा स्वतःच घडवावी लागते, कारण ती वेगळी वस्तूच नसते. पंखाची वरची आणि खालची कातडी, मधल्या आडभिंती, पुढची कड हेच टाकीचे सहा बाजूंचे पत्रे. अमेरिकेतल्या बर्ट रुटान या अभियंत्याने १९७५ च्या सुमारास 'व्हॅरीईझ' आणि १९७९ मध्ये 'लाँग-ईझी' ही विमानं घडवली. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने कापायचा, त्यावर काचेचं कापड अंथरायचं, रेझिनने भिजवायचं, वाळलं की पंख तयार; साचा नको की मोठी मशिनं नकोत. 'लाँग-ईझी'मध्ये पंख जिथे धडाला मिळतो तिथल्या दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी पोकळीत मिळून जवळपास दोनशे लिटर पेट्रोल मावतं. वेगळी टाकी बसवली असती तर तिचं वजन, तिचे पट्टे, तिचे कंस हे सगळं उगाच उचलून न्यावं लागलं असतं.

आता ते कापड. काच वितळवून तिचे मायक्रॉनमध्ये मोजण्याइतके बारीक तंतू ओढतात. केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा म्हणा. अशा शेकडो तंतूंचा एक धागा होतो आणि तो मागावर चढतो. इथेच मालेगावचा माणूस कान टवकारेल. कारण काचेचा धागा मागावर घासून तुटू नये म्हणून त्यालाही साइझिंग लागतं, आणि विणकामासाठी लावायचं ते साइझिंग चक्क स्टार्च आणि तेलाचं असतं. आपल्याकडे सुती ताण्याला खळ देतात त्याच कारणासाठी. फरक पुढे पडतो. विणून झालं की काचेचं कापड भट्टीत तापवून ती सगळी खळ जाळून टाकतात आणि त्यावर सिलेन नावाच्या रसायनाचा अतिशय पातळ थर देतात. सिलेनचं एक टोक काचेला धरतं, दुसरं रेझिनला. खळ तशीच राहिली तर रेझिन काचेला नीट चिकटत नाही आणि प्रत्येक धाग्याच्या अंगाने एक अदृश्य फट राहून जाते. ती फट पुढे छळणार आहे.

हे कापड भिजताना बघण्यासारखं असतं. कोरडं असताना पांढरंशुभ्र, रेशमासारखं चमकणारं. त्यावर इपॉक्सी रेझिन ओतून स्क्वीजीने ओढत गेलं की पांढरेपणा पुसला जातो आणि कापड दिसेनासं होतं. खालच्या फोमवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे तीन-चार थरांतून स्वच्छ वाचता येतात. कारण असं की प्रकाश काचेत जितका वळतो जवळपास तितकाच तो इपॉक्सीतही वळतो. दोघांचा अपवर्तनांक १.५५ च्या आसपास. मग प्रकाशाला एकातून दुसऱ्यात गेल्याचं कळतच नाही. हवेचा मात्र १. त्यामुळे जिथे हवेचा बुडबुडा राहिला किंवा धागा कोरडा राहिला, तिथे पांढरा ठिपका उमटतो. थराच्या मागे दिवा धरला की उद्या जिथून गळेल ती जागा आजच दिसते. कार्बनच्या काळ्या कापडात ही सोय नाही, आणि माझ्या मते घरी टाकी करणाऱ्याने केवळ एवढ्या एका कारणासाठी काचच निवडावी.

फोमही जपून निवडावा लागतो. पंखाच्या आत रुटानच्या पद्धतीत पॉलिस्टायरिन वापरतात, आपल्या थर्मोकोलचा जातभाई. त्याला पेट्रोल लागलं की तो भिजत बसत नाही, विरघळून चिकट लगदा होतो. म्हणून टाकीच्या भिंतींसाठी पीव्हीसी किंवा युरेथेनचा फोम घेतात, पेट्रोलला दाद न देणारा.

रेझिनचं गणित कडक. रेझिन आणि हार्डनर ठरल्या प्रमाणात, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजून. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त टाकला तर काम लवकर होत नाही. जास्तीच्या रेणूंना जोडीदारच मिळत नाही आणि थर कायमचा मऊ राहतो. असा मऊ थर पेट्रोल हळूहळू फुगवतं. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिन वापरायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यात मालेगावचा पारा ४३-४४ पर्यंत जातो. २५ अंशांना अर्धा तास मिळत असेल तर इथे दुपारी दहा मिनिटांतच डबा गरम होऊन धुरायला लागेल. रेझिन घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं आणि डब्यात ती अडकते. पसरट ताटात ओतलं तर तेच रेझिन जास्त टिकतं.

कापड मजबुती देतं, पण पेट्रोल अडवतं ते रेझिन. म्हणून टाकीच्या आतल्या बाजूला एक-दोन थर मुद्दाम रेझिन जास्त ठेवून देतात आणि वर नुसत्या रेझिनचा हात फिरवतात, पहिला हात चिकट असतानाच दुसरा. सुईच्या टोकाएवढी भोकं त्यात बुजतात.

पण गळती नेहमी भोकातूनच होते असं नाही. पाण्याने भरलेली टाकी आठवडाभर थेंबही गाळत नाही आणि पेट्रोल भरलं की दुसऱ्या दिवशी पंखाखाली ओल दिसते. पेट्रोलचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच, आणि ते पाण्याहून पातळही. ज्या फटीत पाणी शिरायला तयार नसतं तिथे ते आपणहून ओढलं जातं. कोरड्या राहिलेल्या एका धाग्यातले शेकडो तंतू समईच्या वातीसारखे पेट्रोल चढवत नेतात. धागा टाकीच्या आत कापलेल्या कडेला सुरू होतो, भिंतीच्या पोटातून वीतभर जातो आणि कुठेतरी स्क्रूच्या भोकाशी बाहेर येतो. ओल दिसते त्या जागी बाहेरून कितीही लेप दिले तरी उपयोग शून्य. म्हणूनच आतली प्रत्येक कापलेली कड, प्रत्येक भोक, नळी जिथून बाहेर पडते ती जागा आधीच रेझिनने बंद करावी लागते.

मग येतो सगळ्यात धाकधुकीचा क्षण, झाकण लावण्याचा. पंखाची वरची कातडी बसली की आत हात जाणार नाही. म्हणून आधी एक तालीम करतात. भिंतींच्या कडांवर रेझिनमध्ये कापसाचे बारीक तंतू कालवलेला घट्ट लगदा पसरायचा, त्यावर प्लास्टिकचा कागद, मग झाकण ठेवून दाबायचं आणि उचलायचं. जिथे लगदा चपटला नाही तिथे झाकण टेकलेलंच नाही. तेवढ्या जागी भर घालायची. खऱ्या वेळी कडा घासून खरखरीत करायच्या, आधी पातळ रेझिनने ओल्या करायच्या, मग लगदा, मग झाकण आणि त्यावर वजनं. त्याआधी आतली काचेची धूळ व्हॅक्यूमने शेवटच्या कणापर्यंत काढायची. नाहीतर ती एक दिवस गाळणीत जाऊन बसणार.

चाचणी हवेने घेतात. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तीच पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. टाकीत थोडी हवा भरायची आणि पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक बघायचा. फार तर ७० सेंटिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब करा: ७० सेंटिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर ७०० किलोंचा रेटा. एवढ्याशा दाबानेही झाकण फुगलेलं डोळ्यांना दिसतं. टायरमध्ये हवा भरायच्या पंपाने घाईघाईत भरणाऱ्याचं महिनाभराचं काम एका आवाजात उचकटू शकतं.

आणि ही नळी खोटंही बोलते. बंद टाकीतली हवा एक अंशाने तापली की मालेगावच्या उंचीवर पाणी सव्वातीन सेंटिमीटर चढतं. सकाळी लावलेली नळी दुपारी बघितली तर टाकीत कुणीतरी हवा भरून गेल्यासारखं वाटेल आणि रात्री टाकी फुटल्यासारखं. त्यातून आपल्या अक्षांशावर वातावरणाचा दाबही रोज हलतो, सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारला कमी. भरती-ओहोटी समुद्रालाच असते असं नाही, हवेलाही असते. ती भोक नसलेल्या टाकीच्या नळीत दोन-तीन सेंटिमीटरने दिसते. म्हणून पहाटे, तापमान स्थिर असताना मोजायचं आणि साबणाचं पाणी फिरवून फुगे शोधायचे. भोक सापडलं तर उलटं करायचं: टाकीतली हवा किंचित ओढून घ्यायची आणि बाहेरून पातळ रेझिन लावायचं. भोक स्वतःच ते आत ओढून घेतं.

एवढी कडेकोट टाकी केल्यावर तिला एक भोक मुद्दाम ठेवावंच लागतं. पेट्रोल बाहेर जाईल तशी हवा आत यायला हवी, नाहीतर इंजिन तोंडात नळी धरून उपाशी राहील. या श्वासनळीचं तोंड कुंभारमाशीला घर बांधायला फार आवडतं. चिमूटभर चिखलाने विमान खाली येऊ शकतं, त्यामुळे उड्डाणाआधी ते तोंड तपासणं हा नियमच आहे. काच वीजवाहक नाही, म्हणून भरताना साचणारा स्थिर विद्युतभार वाहून न्यायला टाकीचं धातूचं तोंड तारेने जोडून ठेवतात, हाही तसाच न चुकवायचा नियम.

हल्लीची डोकेदुखी वेगळीच आहे, उसापासूनही बनणाऱ्या इथेनॉलची. २०२३ च्या फेब्रुवारीपासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. छोट्या विमानांत फार चालणारं रोटॅक्स ९१२ इंजिन पंपावरचं पेट्रोल पचवतं, पण इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच. टाकीचा प्रश्न आणखी नाजूक. जुन्या काळी टाकीत सीलंट ओतून ती चारी बाजूंनी कलती करून आतून लेप देत. इथेनॉलने तो लेप सुटतो आणि पापुद्रे गाळणीत अडकतात. काही इपॉक्सीही इथेनॉलने मऊ पडतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, नेमकं जिथून इंजिनची नळी सुरू होते तिथे. म्हणून आता जाणते लोक ओतायच्या लेपाच्या वाटेला जात नाहीत. ज्या रेझिनची टाकी करायची त्याचा वाळलेला तुकडा ते आधी महिनोन्महिने त्याच पेट्रोलच्या बरणीत बुडवून ठेवतात आणि नखाने दाबून बघतात. मला हा सगळ्या प्रकारातला सर्वांत शहाणा प्रयोग वाटतो.

या कलेची परिसीमा बर्ट रुटाननेच गाठली. त्याच्या 'व्हॉयेजर' विमानात सतरा टाक्या होत्या. पंख, धड, शेपटीकडे जाणारे दांडे, जिथे पोकळी तिथे इंधन. १४ डिसेंबर १९८६ ला त्याचा भाऊ डिक रुटान आणि जीना येगर अमेरिकेतल्या एडवर्ड्स हवाई तळावरून निघाले तेव्हा सुमारे ४४०० किलोंच्या त्या विमानात जवळपास ३१८० किलो इंधनच होतं. भाराने वाकलेल्या पंखांची टोकं धावपट्टीवर घासून झिजली, तरी विमान उडालं आणि कुठेही न उतरता, हवेत इंधन न भरता पृथ्वीला फेरी मारून नऊ दिवसांनी त्याच तळावर परतलं. उतरल्यावर सगळ्या टाक्यांत मिळून ४८ किलो इंधन शिल्लक होतं.