रक्तातला एक चमचा

साठ-सत्तर किलो वजनाच्या धडधाकट माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी तपासलं, तर त्यात दर १०० मिलिलिटरमागे ९० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज सापडतं. आता गुणाकार करा. सगळ्या रक्तातलं ग्लुकोज मिळून येतं साडेचार-पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा, बस. एवढ्या साखरेवर अख्खा देह चाललेला असतो. उपाशीपोटीचा आकडा १२६ किंवा त्यावर गेला, आणि पुन्हा तपासल्यावरही तसाच आला, तर डॉक्टर मधुमेह म्हणतात. तोही गुणून पाहा: सहा ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे निरोगी आणि मधुमेही यांच्यात अंतर आहे ते पाव चमच्याचं!

बरं, हा चमचा भरून ठेवलेला नाही, तो सतत रिकामा होतोय. एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज जाळतो, म्हणजे तासाला पाच ग्रॅम. यकृताने आपल्या साठ्यातून भर घातली नाही, तर तासाभरात रक्त कोरडं पडावं. आपण गाढ झोपेत असतो तेव्हाही ही भर चालू असते. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून बांधीत वाकलेली बाई घ्या किंवा तुमसरच्या कचेरीत खुर्चीवर बसलेला बाबू घ्या, खर्च कितीही वेगळा असो, दोघांच्या रक्तात चमचा तेवढाच. स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन तो वर जाऊ देत नाही, ग्लुकागॉन खाली जाऊ देत नाही. इतका काटेकोर हिशेब माणसाने बांधलेल्या फार थोड्या यंत्रांत सापडेल.

या एका चमच्याच्या मापाने आंबागडच्या पायथ्याचं किराणा दुकान पाहायला हवं.

आंबागड भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या रांगेत आहे. देवगडच्या बख्त बुलंद शाहच्या कारकिर्दीत, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना तिथल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी प्यायला लावून मारत, अशी गोष्ट सांगतात. साखरेला ‘पांढरं विष’ म्हणणाऱ्यांचे संदेश आजकाल रोज मोबाइलवर येतात, म्हणून ही गोष्ट आठवली. मला ते विशेषण पटत नाही. विहिरीतलं विष कैद्याच्या शरीराला कधीच हवं नव्हतं. ग्लुकोज तर आपल्या मेंदूचं रोजचं जेवण आहे. बिघडतं ते प्रमाणामुळे आणि वेगामुळे. त्याहून जास्त, आपल्याला पत्ता लागू न देता साखर येते त्यामुळे.

गडाभोवतीच्या रानात साखर मुळीच लपत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. सुकवलेल्या मोहफुलाच्या वजनात जवळपास निम्मी, कधी त्याहूनही जास्त साखर असते. पण तिचा वास दूरवर जातो. अस्वलाला कळतं, वटवाघळाला कळतं, टोपली घेऊन निघालेल्या पोराला कळतं. फूल तोंडात टाकलं की जीभ लगेच ओळखते, आणि थोड्या वेळाने तीच म्हणते की आता पुरे.

दुकानातल्या थंड बाटलीपुढे मात्र ती असं म्हणत नाही, आणि याचं कारण मोठं मजेदार आहे. गोड चव ओळखणाऱ्या पेशींमध्ये एक सूक्ष्म दार असतं; शास्त्रज्ञ त्याला टीआरपीएम-५ म्हणतात. गोडाचा रेणू जिभेवरच्या ग्राहीला चिकटला की हे दार उघडतं आणि ‘गोड’ असा निरोप मेंदूकडे जातो. पण हे दार तापमानाला हळवं आहे. उबेत ते मोकळं उघडतं, गारठ्यात आखडतं. त्यामुळे बर्फासारख्या गार पेयातली बरीचशी साखर जिभेच्या हिशेबात येतच नाही. त्यात भरीला आम्ल. आंबट आणि गोड एकत्र आले की दोघंही एकमेकांचा आवाज दाबतात. कोलामध्ये १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. २५० मिलिलिटरची छोटी बाटली म्हणजे पाच-सहा चमचे. भंडाऱ्याच्या मे महिन्यात तीच बाटली उघडी ठेवून कोमट होऊ द्या आणि मग एक घोट घ्या. तो घशाखाली उतरवणं कठीण जातं. बाटलीत साखर तेवढीच होती, जीभ आत्ता कुठे शुद्धीवर आली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असली तर आणखी बरं. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेचा सूरही तोच आहे. म्हणजे ती छोटी बाटली संपली की दिवसाचा वाटा संपला. चहा अजून व्हायचाय.

पेय गोड आहे हे निदान ठाऊक तरी असतं. खरी लपाछपी तिखट-खारटाच्या फळीवर चालते. टोमॅटो केचपच्या वजनात पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त साखर असते. मोठ्या चमचाभर केचपमध्ये छोटा चमचाभर. व्हिनेगर आणि मीठ तिला झाकून ठेवतात. पावात, खाऱ्या बिस्किटांत, इन्स्टंट सुपात, लोणच्याच्या बरणीत ती असते ती निव्वळ गोडीसाठी नाही. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे पदार्थ मऊ राहतो आणि जंतूंना वापरायला मोकळं पाणी उरत नाही. भाजताना ती खरपूस रंग आणते. टोमॅटोचा आंबटपणा, सोयाचा कडवटपणा झाकते. एवढी कामं इतक्या स्वस्तात करणारा दुसरा पदार्थ कारखानदाराला मिळत नाही, हेही कबूल करायला हवं. (ज्या राज्यात साखर कारखान्याच्या निवडणुकीला आमदारकीइतका रंग चढतो, तिथे साखरेबद्दल जपूनच बोललेलं बरं!)

मसालेदार चिप्सच्या पाकिटावर आणखी एक नाव भेटतं: माल्टोडेक्स्ट्रिन. मका किंवा टॅपिओकाच्या स्टार्चचे तुकडे करून केलेली ही पांढरी पूड. टोमॅटोचा, कांद्याचा स्वाद हिच्यावर बसवून चिप्सवर भुरभुरतात. चवीला जवळजवळ फिकी, जीभ तिला साखर मानत नाही. पोषणाच्या तक्त्यातही ती ‘साखर’ या ओळीत मोजली जात नाही, कर्बोदकांत जाते. आतडं मात्र फसत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजच्या छोट्या साखळ्या. त्या झटकन तुटतात आणि रक्तात जवळपास शुद्ध ग्लुकोजच्याच वेगाने पोचतात. इथे साखर जिभेपासून लपली आणि तक्त्यापासूनही.

कायदा काय म्हणतो? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकिटावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर, दोन्ही छापावी लागतात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्यातही एक मेख आहे. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट अशा चार नावांनी ती विभागली की प्रत्येकीचं वजन कमी भरतं, आणि यादीत पीठ पहिल्या क्रमांकावर दिमाखात बसतं. याहून मोठी पळवाट खेड्याच्या दुकानात उघड टांगलेली असते. ज्या वेष्टनाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्यावर घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता छापण्यातून सूट आहे; ती माहिती घाऊक खोक्यावर असली की झालं. सात बाय सात सेंटिमीटरची पुडी, दोन्ही बाजू धरून, ९८ चौरस सेंटिमीटर भरते. शाळा सुटल्यावर एक-दोन रुपयांत मिळणारा खाऊ नेमका याच मापाचा. तो खाणाऱ्याने खोकं कधी पाहिलेलंच नसतं. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेच्या प्रमाणाची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळा त्या मंडळाच्या नाहीत.

नावाआड लपलेल्या साखरेचा सगळ्यात चटका लावणारा प्रकार औषधाच्या फळीवर घडला. तो कळायला आधी थोडं मागे जावं लागेल. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ आणि ग्लुकोज मोजून पाण्यात मिसळलं आणि ते लोकांना तोंडाने पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्याही खाली आलं. यामागचं कोडं रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये उलगडलं होतं: आतड्याच्या पेशीत एक दार असं आहे, की त्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागोमाग पाणी. जुलाबाने आतडं हैराण असतं तेव्हाही हे दार शाबूत राहतं. म्हणजे साखर इथे जीव वाचवते, पण मापात. या मिश्रणाच्या, म्हणजे ओआरएसच्या, मान्य सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. त्याहून फार साखर घातली तर गणित उलटतं: आतड्यात दाट पाक जातो, तो शरीरातलंच पाणी बाहेर ओढतो आणि जुलाब वाढतात. तरी ‘ओआरएस’ ही अक्षरं नावात मिरवणारी, मापाच्या कित्येक पट साखर असलेली फळांच्या चवीची पेयं वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध अनेक वर्षं भांडत राहिल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने पेयांच्या नावातून ती अक्षरं काढायला लावली. गावातल्या आरोग्य केंद्रात मिळणारी साधी पुडी तोवर मुकाट्याने बरोबर होती.

ही सगळी साखर आत गेल्यावर काय होतं? नेहमीच्या साखरेचा रेणू फुटून अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज होतं. ग्लुकोज सगळ्या अवयवांत वाटलं जातं. फ्रुक्टोजचं बरंचसं काम यकृतावर पडतं, आणि तिथे ते पकडणाऱ्या एन्झाइमला ‘आता थांब’ सांगणारं कुणी नसतं. आलेलं सगळं आत घेतलं जातं, जास्तीचं चरबीत बदलतं, सोबत युरिक आम्लही वाढतं. दारूचा थेंब न घेणाऱ्याच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून येतं, त्यामागचं हे एक कारण. मग आंबा खाल्ला तर? आंब्यातही फ्रुक्टोज आहेच. पण चोथ्यासकट ते हळू येतं, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की थोडं-थोडं आलेलं फ्रुक्टोज लहान आतडंच परस्पर हाताळतं. लोंढा आला की मात्र ते यकृताकडे वाहतं. आंब्याचं चित्र असलेल्या खोक्यातलं पेय म्हणजे लोंढाच. ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणवायला त्यात १० टक्के फळाचा रस पुरतो.

कष्टाचं शरीर, सडपातळ बांधा, आपल्याला कसली साखर, असं धानाच्या पट्ट्यात सहज ऐकू येईल. या समजाला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्राने धक्का दिला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला गेला. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघं अगदी सारखे: बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. याचं मूळ गर्भातच दिसतं. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. साखर साठवणारं मोठं कोठार म्हणजे स्नायू. तेच लहान असलं, तर जेवणानंतर आलेली साखर ठेवायला जागा कमी पडते आणि स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन ओतावं लागतं. वजनकाटा यातलं काहीच सांगत नाही.

पूर्व विदर्भात तर साखर रक्ततपासणीतूनही निसटू शकते. एचबीए१सी ही चाचणी लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी दोन-तीन आठवड्यांतच फुटतात. साखर चिकटायला त्यांना वेळच मिळत नाही, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. वाहकांच्या बाबतीत काही यंत्रांचं मोजमाप चुकतं, काहींचं चुकत नाही. अशा घरातल्या माणसाने तपासणीआधीच डॉक्टरांना सिकलसेलबद्दल सांगावं. मग ते उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली साखर बघतात, किंवा लाल पेशींऐवजी रक्तातल्या प्रथिनांवर चिकटलेली साखर मोजणारी फ्रुक्टोसमाइन चाचणी करून घेतात.