चित्रातले ऊन

आमच्या व्यवसायात एक गंमत आहे. इमारतीचे जे चित्र सगळ्यांना दाखवले जाते, तशी ती इमारत कुणालाही, कधीही दिसत नाही. त्या चित्राला आम्ही एलिव्हेशन म्हणतो. रस्त्यावर उभे राहून वर पाहिले तर वरचे मजले लहान होत जातात, कडा तिरक्या धावतात. एलिव्हेशनमध्ये पहिला मजला आणि सहावा मजला अगदी सारख्या मापाचे असतात. डोळा जणू एकाच वेळी प्रत्येक खिडकीसमोर उभा आहे! मापे चोख कळावीत म्हणून केलेली ही सोय.

पण अशा चित्राला खोली नसते. दोन फूट पुढे आलेला छज्जा आणि भिंतीवर ओढलेली नुसती रेघ यांत फरकच कळत नाही. तो कळतो सावलीमुळे. पॅरिसच्या ‘एकोल द बोझार’मध्ये एकोणिसाव्या शतकात विद्यार्थी शाईचे पातळ हात एकावर एक देऊन या सावल्या रंगवीत. संकेत ठरलेला : प्रकाश डाव्या खांद्यावरून खाली येतो आणि कागदावर त्याची तिरीप ४५ अंशांची पडते. त्यामुळे छज्जा दोन फूट पुढे असेल तर त्याची सावलीही भिंतीवर बरोबर दोन फूट उतरते. जाणकाराने सावली मोजायची आणि खोली ओळखायची. आम्हीही कॉलेजात हेच गिरवले. एक डाग पडला की रात्र वाया!

पुढे संगणक आला. ऑटोकॅड १९८२ चे, फोटोशॉप १९९० चे, स्केचअप २००० चे. रात्रीचे काम तासावर आले. देखण्या एलिव्हेशनच्या युक्त्या तशा थोड्याच. मॉडेल पॅरलल प्रोजेक्शनमध्ये समोरून पाहावे. इमारतीची बाह्यरेषा जाड, खिडक्यांच्या रेघा बारीक. विटांचे टेक्स्चर मापात बसवावे, नाहीतर एकेक वीट दाराएवढी दिसते. सावलीचा थर फोटोशॉपमध्ये ‘मल्टिप्लाय’वर ठेवून निम्मा पारदर्शक करावा, म्हणजे खालचा रंग मरत नाही. दाराशी एक माणूस उभा करावा, त्याच्यावाचून उंचीचा अंदाज येत नाही. झाड लावावे, पण विरळ. भिंतीतली चूक झाकायला झाड लागत असेल, तर आधी भिंत दुरुस्त करावी.

हे सगळे मला येत होते. तरीही २००७ साली माझ्या हातून चूक झाली.

पुण्यातली सहा मजली इमारत. रस्ता उत्तरेला, म्हणून दर्शनी बाजूही उत्तरेला. बिल्डर म्हणाले, ‘‘साहेब, चित्र जरा जिवंत करा.’’ मी स्केचअपमध्ये सावल्या चालू केल्या, डिसेंबरची सकाळ निवडली आणि चित्र उजळून निघाले. प्रत्येक टेरेसवर कोवळे ऊन! आता, उत्तर कुठे आहे ते आपण सांगितले नाही, तर हे सॉफ्टवेअर हिरव्या अक्षाला उत्तर धरते आणि आपण समोर म्हणून उभी केलेली बाजू आपोआप दक्षिणेकडे तोंड करते. मी सांगितले नव्हते. दोष माझा. चित्र मोठे करून साइट ऑफिसात टांगले गेले.

ताबा मिळाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे घालून त्यांनी तिसऱ्या मजल्यावर घर घेतले होते. ‘‘थंडीत टेरेसवर ऊन कधी येतं हो? गुडघे शेकायला बसेन म्हटलं होतं. चित्रात तर होतं.’’

सप्टेंबरच्या २३ तारखेच्या सुमारापासून मार्चच्या २१ पर्यंत आपल्याकडे उत्तरेच्या भिंतीला सूर्य शिवतही नाही, हे मला त्यांना सांगावे लागले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘मग काढलंत कशाला?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. आमची सावली हा दोन जाणकारांमधला संकेत. पण तेच चित्र घर घेणाऱ्यासमोर टांगले की ते आश्वासन होते. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झाले तर भरपाई मागता येते. व्यवहार सोडायचा असेल तर पैसे व्याजासह परत मागता येतात. चित्रातले ऊन या माहितीत मोडते की नाही, ते वकील पाहतील. त्या बाईंच्या वेळी तर हा कायदाही नव्हता.

तेव्हापासून मी मॉडेलमध्ये आधी उत्तर दिशा लावतो, जागेचे अक्षांश-रेखांश भरतो आणि चित्राखाली तारीख व वेळ लिहितो. उत्तरेची बाजू असेल तर ऊन टाकत नाही. कोपऱ्यांत आणि छज्ज्यांखाली फक्त मऊ काळोखी भरतो. बिल्डर म्हणतात, ‘‘थोडं फिकं वाटतं.’’ मी सांगतो, चित्रकार स्टुडिओसाठी मुद्दाम हाच उत्तरेचा उजेड शोधतात. दिवसभर तो फारसा बदलत नाही. तेच विका. काहींना पटते, काही दुसरा आर्किटेक्ट गाठतात.

तुम्ही घर पाहायला जाल तेव्हा खिशातल्या मोबाइलवर होकायंत्र लावा आणि मग भिंतीवरचे चित्र पाहा. उत्तरेच्या टेरेसवर डिसेंबरचे ऊन दिसले तर चित्र कुणी काढले ते विचारा. एकदा ते माझे होते.